कावेरीकाठची हजेरी

मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसात नामवंत गवई येऊन गातात. बिदागी घेत नाहीत. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या नावाने हजेरी लावतात आणि मिळेल त्या गाडीने परत जातात. लहानपणापासून हे बघत आलेय. तमिळनाडूत कावेरीच्या काठी तिरुवैयारू नावाचं एक छोटं गाव आहे आणि तिथे दर पौष वद्य पंचमीला कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार संत त्यागराज यांच्या समाधीपुढे शेकडो कलाकार असेच, एक पैसा न घेता गायला बसतात, हे कळल्यापासून तिथे जायचं मनात होतं. यंदा पंचमी संक्रांतीला लागूनच आली. वन्संनाही शाळेतून निवृत्त होऊन मोकळा वेळ मिळाला होता. आम्ही दोघी निघालो.

गुरुवार: दिवसाची गाडी आणि मोठं देऊळ

चेन्नईपर्यंतचा प्रवास नेहमीसारखा झाला. एग्मोरहून तंजावरला रात्रीच्या गाड्या आहेत आणि बहुतेक लोक त्यांनीच जातात. आम्ही मुद्दाम सकाळची गाडी घेतली, कारण वाटेत सिंगपेरुमाळ कोईल लागतं. 27 ऑक्टोबर 1937 रोजी खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत कळ आली म्हणून या आडस्टेशनावर उतरले, फलाटावरच नमाज पढले आणि दरबारीत प्रार्थना गाता गाता गेले, असं आमच्याकडे सांगतात. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं. आमची गाडी तिथे थांबली नाही. पिवळी पाटी खिडकीसमोरून सरकली तेवढ्यात वन्संनी हात जोडले.

समोरच्या बाकावर एक आजोबा होते. कपाळावर विभूती, मांडीवर स्टीलचा डबा. त्यांना वाटलं, आम्ही तिथल्या नरसिंहाला नमस्कार केला. मी इंग्रजीत जमेल तसं खरं कारण सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि खरहरप्रिया रागातली 'राम नी समानमेवरु'ची ओळ गुणगुणायला सुरुवात केली. त्यागराजांची ही कृती, म्हणजे कर्नाटक संगीतातली रचना, खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रित केली होती आणि ती तबकडी आजोबांच्या वडिलांकडे होती! "लहानपणी आमच्या घरी ही तबकडी लागली की कोणी बोलायचं नाही," ते म्हणाले. मग डबा उघडून त्यांनी आम्हाला लिंबूभात दिला. नको म्हणायची सोयच नव्हती.

चिदंबरम सोडलं की कोळ्ळिडमचं रुंद पात्र लागतं आणि तिथून पुढे नुसती भाताची शेतं. कुठे पीक पिवळं पडलेलं, कुठे कापणी सुरू. प्रत्येक खाचराच्या कडेला पाण्याचा पाट. कावेरी इथे इतक्या फाट्यांनी वाहते की नदी कुठली आणि कालवा कुठला हे गाडीतून ओळखता येत नाही. कुंभकोणमला डब्यात कॉफीवाला आला. आजोबांनी तीन कप घेतले आणि पैसे देऊ दिले नाहीत.

तंजावरला खोलीवर सामान टाकलं आणि ऊन उतरल्यावर बृहदीश्वराला गेलो. गावात त्याला सगळे 'पेरिय कोविल' म्हणतात, मोठं देऊळ. राजराज चोळाने बांधलेलं, 1010 च्या सुमारास पुरं झालेलं, शिखर 200 फुटांच्या वर. त्या दिवशी काणुम पोंगल होता. पोंगलचा हा दिवस नातेवाइकांना भेटायचा आणि सहकुटुंब बाहेर पडायचा, त्यामुळे पटांगण भरून गेलं होतं. हिरवळीवर डबे उघडलेले, पोरांच्या हातात उसाची कांडकी. आदल्या दिवशी माट्टु पोंगल, म्हणजे गुरांचा पोंगल, झाला होता. त्या दिवशी इथल्या प्रचंड नंदीला भाज्या आणि फळांनी मढवतात. तो सोहळा आमचा एका दिवसाने हुकला. ज्यांना जमेल त्यांनी एक दिवस आधी यावं.

या देवळाविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून मी दोनच गोष्टी सांगते. पहिली, पायथ्याच्या दगडावर कोरलेला तमिळ मजकूर. राजराजाने देवळाच्या सेवेला 400 नर्तकी आणल्या. त्या प्रत्येकीचं नाव, ती मूळची कुठल्या देवळातली आणि तंजावरात कुठल्या आळीतल्या कितव्या घरात राहते, हे सगळं तिथे नोंदवलं आहे. हजार वर्षांपूर्वीच्या राजांची नावं आपल्याला ठाऊक असतात. नाचणाऱ्या बाईच्या घराचा नंबर दगडावर कोरून ठेवणारं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट नैऋत्येकडच्या भिंतीवर. 1803 मध्ये तंजावरच्या मराठी गादीवरच्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास इथे मराठीत, देवनागरीत कोरून घेतला. अक्षरं आपल्या ओळखीची, पण वळण जुनं आणि ओळी एकमेकींना चिकटलेल्या. वन्संनी चष्मा पुसून मोठ्याने वाचायला घेतलं. शिक्षिकेचा खणखणीत आवाज! दोन मिनिटांत कॉलेजच्या मुलींचा घोळका जमला. कुठली भाषा, कुठून आलात, आम्हाला अर्थ सांगा. एका मुलीने सांगितलं की ती जन्मापासून तंजावरात राहते, या भिंतीजवळून शंभरदा गेली असेल, पण कोणी हे वाचताना आज पहिल्यांदा ऐकलं. दिवे लागेपर्यंत वन्संचा वर्ग चालू होता.

देऊळ दुपारी बंद असतं. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि दुपारच्या उन्हात तो दगड तळपाय भाजून काढतो. सूर्योदयाला नाहीतर चारनंतर जावं. संध्याकाळी शिखराचा रंग मधासारखा होतो, तेव्हा कॅमेऱ्यापेक्षा डोळे बरे.

शुक्रवार: राजवाडा, वीणा आणि एक जेवण

सकाळी उपाहारगृहात केळीच्या पानावर वेण पोंगल म्हणजे तांदूळ-मुगाची खिचडी, मेदूवडा आणि पितळी डबरा-पेल्यातली डिग्री कॉफी. मिरी आणि तुपाचा असा वास महाराष्ट्रातल्या पोंगलला कधी आला नाही.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी 1676 च्या सुमारास इथे राज्य स्थापन केलं आणि 1855 पर्यंत ते टिकलं. राजवाड्याची पडझड झालीय. रंगवलेल्या खांबांचा मराठा दरबार, संगमरवरी सरफोजी, चोळकाळातले ब्राँझचे नटराज हे सगळं बघण्यासारखं आहे. पण माझे पाय सरस्वती महालातून निघेनात. हे ग्रंथालय मुळात मराठ्यांआधीच्या नायक राजांचं. दुसऱ्या सरफोजींनी, म्हणजे 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेल्या राजांनी, ते नावारूपाला आणलं. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं, मोडी कागदांचे रुमाल. सरफोजींनी इथे देवनागरी छापखानाही चालवला. त्यांनी स्वतः मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' लिहिलं. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणाऱ्या भटक्या बाईचं नृत्यनाट्य. सरफोजींच्या नाटकातली ही बाई चक्क जगाचा भूगोल सांगते.

आणि एक गोष्ट सांगली-मिरजेच्या माणसाने इथे उभं राहून आठवावी अशी. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीच्या काळात मराठीत नाटकं लिहिली. 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे त्यातलं एक. विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' सांगलीत झालं 1843 मध्ये. भाव्यांचा मान आहे तो आहेच. पण कावेरीच्या मुलखातल्या या नाटकांना आमच्या रंगभूमीच्या गोष्टीत दोन ओळींच्या वर जागा मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिथून वीणा करणाऱ्यांच्या गल्लीत. तंजावरच्या वीणेला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत माझं अर्धं बालपण गेलंय, त्यामुळे अशा ठिकाणी गेले की मला वासावरूनच घरी आल्यासारखं होतं. पण इथला वास वेगळा निघाला. आमच्याकडे भोपळा आणि तुणीचं लाकूड. इथे सगळं फणसाचं. लाकूड पनरुट्टीकडून येतं, कारण तिथले फणस नावाजलेले. कापलेला ओंडका आतून हळदीसारखा पिवळा दिसतो. पडवीत एक कारागीर वाकसाने वीणेचं पोट कोरत बसले होते. ज्या वीणेत पोट, दांडी आणि डोकं एकाच ओंडक्यातून काढतात तिला एकांड वीणा म्हणतात. तिला सांधा नसतो, म्हणून तिचा मान मोठा आणि मेहनतही. दांडीच्या टोकाला याळी, म्हणजे सिंहासारखं काल्पनिक जनावर. त्याच्या जबड्यातला दात न् दात नेमका.

आतल्या खोलीत सर्वांत नाजूक काम चाललं होतं. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, वाजवणाऱ्याला हवे तसे ते वर-खाली सरकवता येतात. वीणेचे 24 पडदे काळ्या मेणात कायमचे बसवतात. मधमाश्यांच्या मेणात काजळी मिसळून ते दांडीवर दोन भिंतींसारखं चढवतात. मग कारागीर एकेक पितळी पडदा त्यावर ठेवतो, तार छेडतो, ऐकतो, पडदा केसभर सरकवतो, पुन्हा छेडतो. यंत्र नाही, मोजपट्टी नाही. याला ते 'मेळम' बसवणं म्हणतात. तिथला तरुण पंचविशीचा असेल. गंधाराच्या पडद्यापाशी तो कितीतरी वेळ थांबला. आम्हालाही सूर बरोबर वाटला होता, त्याला वाटत नव्हता. अखेर त्याने मान हलवली आणि गरम सळईने मेण दाबलं. तेव्हा तोच गंधार असा काही मोकळा झाला की वन्संच्या तोंडून "वा!" निघून गेलं. तो पहिल्यांदाच हसला. "असा कान येतो कुठून?" असं आम्ही दुभाष्याकरवी विचारल्यावर त्याने बाहेर वाकस चालवणाऱ्या वडिलांकडे बोट दाखवलं.

कारखान्यात जायचं तर सकाळी जावं, हातात वेळ ठेवावा, फोटो आधी विचारून काढावेत. काही घ्यायचं नसलं तरी हे लोक मनापासून दाखवतात.

दुपारचं जेवण एका तंजावरी मराठी कुटुंबाकडे होतं. मिरजेतल्या ओळखीच्यांनी गाठ घालून दिली होती. घरातल्या आजी नव्वदीच्या घरातल्या. नऊवारी नव्हे, तमिळ पद्धतीची साडी, नाकात दोन्हीकडे चमकी. दारातच म्हणाल्या, "या, या, हातपाय धुवा, जेवून मग बोला." बोलणं मराठीच, पण हेल पूर्ण तमिळ. पानात अंबट भाजी होती, डांगर पच्चडी होती, वांग्याची भाजी, सांबार, रसम आणि वर पापड. डांगर म्हणजे उडदाचं पीठ दह्यात कालवून वरून मोहरी-हिंगाची फोडणी. आपल्याकडचंच डांगर, तरी चव वेगळी. हिंग सढळ आणि गूळ अजिबात नाही.

जेवणानंतर आजींनी फडताळातून एक वही काढली. तुकोबांचे आणि नामदेवांचे अभंग, सगळे तमिळ लिपीत उतरवलेले. त्यांना देवनागरी वाचता येत नाही, मराठी फक्त कानाने आणि जिभेने आलेली. त्यांचे वडील हरिकथा करत. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून कीर्तनकार इथे आले. मोरगावकर रामचंद्रबुवा त्यातले गाजलेले. त्यांचं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी हरिकथेचा घाट घडवला आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद तमिळ कथेत कायमचे येऊन बसले. आजींनी एक अभंग म्हटला. चाल कधी न ऐकलेली. शब्द मात्र आमच्या भजनी मंडळात दर एकादशीला म्हणतो तेच. मी हलक्या आवाजात साथ धरली तर त्यांनी थांबून माझा 'ज्ञ' दुरुस्त केला!

संध्याकाळी जुन्या बसस्थानकावरून तिरुवैयारूची बस. अंतर 13 किलोमीटर. गावाच्या नावात पाच नद्या आहेत आणि वाटेत त्या एकामागोमाग लागतात: वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. कंडक्टर प्रत्येक पुलावर आम्हाला नाव सांगत होता. त्याने तिकिटापेक्षा नद्यांकडेच जास्त लक्ष दिलं.

समाधीच्या आवारात मोठा मांडव. दोन रंगमंच शेजारी शेजारी. एकावर गाणं चालू असतं तेव्हा दुसऱ्यावर पुढचे कलाकार तंबोरा जुळवतात, त्यामुळे मध्ये खंड पडत नाही. प्रत्येकाला मोजकी मिनिटं. जगभर कार्यक्रम करणारा गायक आणि तालुक्याच्या गावातली दहावीतली मुलगी, दोघांना सारखाच वेळ. पुढे ओळखपत्रं नाहीत, खुर्च्यांचे वर्ग नाहीत, तिकीट नाही. आम्ही चटईवर बसलो आणि थोड्याच वेळात अवेळी पाऊस आला. मांडवाच्या कडेने पाणी आत शिरलं. लोकांनी न बोलता चटया उचलल्या, मधोमध सरकले, बायकांनी अनोळखी मुलांना मांडीवर घेतलं. व्हायोलिनवाल्या बाईंनी एक सूरही सोडला नाही. माझ्या शेजारच्या बाई सेलमच्या, बँकेत नोकरीला. दरवर्षी रजा काढून येतात. "पाऊस झाला तर कावेरीला आवडलं," त्यांनी सांगितलं आणि आपल्या शालीचं अर्धं टोक वन्संच्या खांद्यावर टाकलं.

परतताना बसस्थानकाजवळ अशोका खाल्ला. मुगाची डाळ शिजवून घोटायची, कणीक तुपात भाजून त्यात घालायची, साखर आणि भरपूर तूप. केशरी, चकचकीत. केळीच्या पानाच्या तुकड्यावर गरम गरम देतात आणि बरोबर चिमूटभर तिखट मिक्श्चर. ते तिखट घेतल्याशिवाय दुसरा घास जात नाही, म्हणून नको म्हणू नका.

शनिवार: पंचमी

पहाटे निघालो तरी गावाबाहेर पोलिसांनी वाहनं अडवली होती, शेवटचा टप्पा पायी. ते बरंच झालं. धुकं होतं, दारोदार तांदळाच्या पिठाचे ताजे कोलम, पोंगलचे ऊस अजून चौकटींना बांधलेले. तिरुमंजन वीथीत त्यागराजांचं घर होतं. जुनं घर आता नाही, त्या जागी नवी वास्तू आहे. तिथून उंछवृत्तीची मिरवणूक निघते. त्यागराज माधुकरी मागून जगले. रामनाम गात दारोदार जायचं, मिळेल तो तांदूळ घ्यायचा, दुसऱ्या दिवसाची तजवीज करायची नाही. सरफोजीराजांनी दरबारात बोलावलं तेव्हा ते गेले नाहीत आणि कल्याणीत 'निधि चाल सुखमा' ही कृती रचली, असं परंपरा सांगते. धन सुख देतं की रामाच्या सान्निध्याची सेवा, असा तिचा प्रश्न. आदल्या दिवशी राजवाड्यात सरफोजींच्या ग्रंथांपुढे हात जोडले होते, आज त्यांना नकार देणाऱ्याच्या मागे चालत होते. दोघांचंही मोठेपण मला त्या वाटेवर एकदमच कळलं. नकार ऐकूनही त्या राजाच्या मुलखात त्यागराज निर्धास्त गात राहिले.

सनईसारख्या नागस्वरमचा आवाज गल्लीत घुमत होता. एका म्हाताऱ्या बाईंनी सूप भरून तांदूळ आणला होता. गर्दीत त्यांचा हात पोहोचेना, तर लोकांनी सूपच डोक्यांवरून पुढे दिलं.

समाधीपाशी सगळे समोरासमोर रांगांत बसले. एकीकडे पुरुष, दुसरीकडे बायका, मधून मूर्तीकडे जाणारी वाट. आत अभिषेक सुरू, बाहेर आधी बासरीवर भैरवी रागातलं 'चेतुलारा', आणि मग त्यागराजांच्या पाच पंचरत्न कृती. नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री. पाच राग, पाचही आदितालात. हजारो गळे, शेकडो मृदंग-व्हायोलिनं-वीणा, समोर कोणी हात हलवणारा नाही. पहिल्या 'जगदानंदकारका'ला मी नुसती ऐकत होते. आवाज एका दिशेने येत नाही. तो जमिनीतून मांड्यांत चढतो. गौळपासून पुस्तिका उघडली. आरभीला वन्संनी आणि मी दोघींनी आवाज लावला. आरभीचा आरोह म्हणजे आपल्या दुर्गा रागाचेच स्वर, त्यामुळे गळा आपोआप वाट धरतो. पुढे चरणांची लय वाढते तिथे शब्द सुटले. शेजारच्या शाळकरी मुलीने आपलं बोट माझ्या पुस्तिकेतल्या ओळीवर ठेवलं आणि शेवटपर्यंत ते ओळीओळीने सरकवत राहिली. स्वतः गात होती, बघतही नव्हती माझ्याकडे.

श्रीरागातली 'एंदरो महानुभावुलु' आली तेव्हा पलीकडच्या रांगेतले पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ रडत होते आणि ताल मात्र चुकत नव्हता. जे जे थोर आहेत त्या सगळ्यांना माझं वंदन, असं ती कृती म्हणते. मैफली मी पुष्कळ ऐकल्या. इथे ऐकणारे आणि गाणारे असे दोन पक्षच नव्हते.

गर्दी पांगल्यावर ज्यांच्यासाठी खरं तर मी आले होते त्यांच्यापुढे गेले. समाधीसमोर हात जोडून बसलेल्या एका बाईची मूर्ती आहे. बेंगळूर नागरत्नम्मा. 1878 चा जन्म, देवदासी घराण्यातल्या, मद्रासमध्ये गायिका म्हणून मोठं नाव आणि मोठी मिळकत. 6 जानेवारी 1847 ला त्यागराज गेले. जाण्याआधी त्यांनी संन्यास घेतला होता, म्हणून नदीकाठी समाधी झाली. पुढे ती रानात हरवल्यासारखी झाली. 1920 च्या दशकात नागरत्नम्मांनी आपली मिळकत घालून तिथे मंदिर उभं केलं. आणि त्यांनी बांधलेल्या मंदिरापुढच्या उत्सवात, म्हणजे आराधनेत, बायकांना गायची परवानगी नव्हती! पुरुषांच्या दोन गटांत भांडणं, बायका बाहेर. नागरत्नम्मांनी मागच्या बाजूला बायकांची वेगळी आराधना सुरू केली. 1940-41 च्या सुमाराला सगळे गट एकत्र आले तेव्हाच आजची ही रांगांची बैठक शक्य झाली. 1952 मध्ये त्या गेल्या, सगळं समाधीच्या नावे करून. आज सकाळी ज्या रांगेत मी बसले होते ती त्यांनी मिळवून दिलेली.

आणखी एक धागा तंजावरच्या मराठी दरबाराशी जातो. प्रतापसिंहराजांच्या दरबारात मुद्दुपळनी नावाच्या कवयित्रीने तेलुगूत 'राधिकासांत्वनम' लिहिलं. नागरत्नम्मांनी 1910 मध्ये ते पूर्ण छापून काढलं. बाईने शृंगार लिहावा हे विद्वानांना खपलं नाही, इंग्रज सरकारने बंदी घातली. ती उठली 1947 मध्ये. माहितीपत्रकांत नागरत्नम्मांना 'भक्त' म्हणून एखादी ओळ देतात. त्या भक्त होत्याच, पण भक्तीसाठी भांडणाऱ्या होत्या, आणि हे प्रत्येक आयाबायांनी आपल्या मुलींना सांगावं असं मला वाटतं.

दुपारी ऐयारप्पर म्हणजे पंचनदीश्वराच्या देवळात गेलो नाही, ते बंद असतं. नदीवर गेलो. मेट्टूर धरणाचं पाणी साधारणपणे 12 जूनला सोडतात आणि 28 जानेवारीला बंद करतात, म्हणून पंचमी लवकर आली की कावेरी अशी पायऱ्यांपर्यंत भरलेली मिळते. पुष्यमंडप घाटावर बायका धुणं धूत होत्या, दोन मुलं पुलाखालून पोहत आली. पाणी मातकट आणि गार. घाटावर एका आईने मुलाला पंचरत्नांतली ओळ म्हणायला लावली, बदल्यात पाण्यात अजून एक उडी.

संध्याकाळी देऊळ उघडलं. दक्षिणेकडच्या प्राकारात एका ठराविक जागी उभं राहून 'ऐयारा' अशी हाक मारली की ती सात वेळा परत येते म्हणतात. रांग लागली होती. वन्संनी मात्र हाक न मारता तारसप्तकातला षड्ज लावला. तो लांबत लांबत परत येत राहिला आणि रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

रविवार: स्वामिमलै

परतीच्या गाडीआधी स्वामिमलै, तंजावरहून 30 किलोमीटरच्या आसपास. देवळापेक्षा आम्ही ओतकामाच्या कारखान्यांत रमलो. इथे चोळकाळापासूनच्या रीतीने देवांच्या भरीव मूर्ती ओततात. मेण, राळ आणि तेल यांच्या मिश्रणातून आधी पूर्ण मूर्ती घडवायची. प्रमाण काढायला नारळाच्या पात्याची पट्टी घेऊन तिला घड्या घालतात. मूर्तीच्या उंचीएवढी पट्टी, तिच्या घड्यांवरून चेहरा किती, छाती किती, गुडघा कुठे. मग मेणावर मातीचा पहिला हात, आणि ती माती इथल्या कावेरीतलीच. गाळाची ही माती इतकी मऊ की मेणावरची बांगडीची रेघसुद्धा तिच्यात उमटते. तापवल्यावर मेण वितळून जातं, त्या पोकळीत धातू ओततात. साचा फोडावा लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. कारागिरांनी माझ्या तळहातावर ओल्या मातीचा गोळा ठेवला, अंगठा दाबायला सांगितला आणि उमटलेल्या रेषा दाखवल्या. नंतर तो गोळा परत पाटीत टाकला, वाया घालवण्यासारखी ही माती नाही म्हणाले.

जाणाऱ्यांसाठी थोडं. आराधना तिथीने होते, तारीख दरवर्षी बदलते. आपल्या पंचांगात पौष वद्य पंचमी बघावी. तिरुवैयारूत राहायची सोय फार थोडी, तंजावरात खोली आधीच घेऊन ठेवावी. बस दिवसभर मिळतात. पंचमीला सकाळी सातच्या आत आवारात पोहोचावं, आठनंतर बसायला जागा उरत नाही. सोबत पातळ चटई, पाण्याची बाटली, आणि जानेवारी असला तरी छत्री. पंचरत्नांचा मजकूर देवनागरीत छापून न्यावा आणि महिनाभर आधीपासून निदान आरभी आणि श्री या दोन कृती रोज ऐकाव्यात. गाणं येत नाही म्हणून मागे बसू नये. शेजारचं कोणीतरी ओळीवर बोट ठेवतंच.